अनुकरण आणि आपली वाट

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, 'सगळे जातात त्या वाटेनं गेलं तर बिघडतं काय? वाट मळलेली असते, काटेकुटे कमी असतात.' वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज तेवढाच प्रश्न घेऊ.

आधी एक गोष्ट कबूल करू. अनुकरणाशिवाय माणूस उभाच राहत नाही. भाषा आपण ऐकून उचलतो. गाणं शिकणारा सुरुवातीला गुरूसारखंच गायला बघतो. तेव्हा अनुकरण वाईट आणि वेगळेपण चांगलं, इतकं सोपं हे प्रकरण नाही. केवळ वेगळं दिसायचं म्हणून उलट जाणारा माणूसही शेवटी दुसऱ्याकडेच बघून पाऊल टाकत असतो.

या विषयावर आपल्याकडे लगेच गीतेतला स्वधर्म आठवतो. तो विचार दुसऱ्या, तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत आला आहे. पण तिथे स्वधर्माचा संबंध वर्णाशी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. परंपरेनं तो जन्मावरून ठरवला. आपण ज्याला 'माझी वाट' म्हणतो, ती निवडायची असते. म्हणून आज आपण जॉन स्टुअर्ट मिल यांच्याकडे वळू.

मिल यांचा जन्म १८०६ सालचा, लंडनचा. वडील जेम्स मिल मोठे विद्वान. त्यांनी मुलाला शाळेत घातलंच नाही, घरी शिकवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. उपयुक्ततावादाचा पुढचा प्रचारक तयार करायचा, असा आराखडा होता आणि मुलगा त्यात चपखल बसला. १८२६ साली, विसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःला विचारलं: मी ज्या सुधारणांसाठी धडपडतो त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. पुढचे कित्येक महिने उदासीनतेत गेले. हळूहळू आत्मचरित्रं, कविता, संगीत यांतून ते सावरले.

आता गंमत बघा. मिल यांनी बंड केलं नाही. वडील ज्या ईस्ट इंडिया कंपनीत होते, तिथेच ते १८२३ पासून १८५८ पर्यंत नोकरी करत राहिले. उपयुक्ततावादही सोडला नाही. पण तो पुन्हा तपासला आणि त्यात भावनांना जागा केली. वाट तीच दिसते, पण आता ती त्यांची झाली होती.

१८५९ साली त्यांचा 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ आला. त्यातलं तिसरं प्रकरण व्यक्तिविशेषाबद्दल आहे. रूढीबद्दल त्यांचा मुद्दा असा की आधीच्या लोकांचा अनुभव टाकून देणं हा मूर्खपणा आहे. मात्र तो जसाच्या तसा अंगावर चढवण्याआधी तीन शंका घ्याव्यात. एक, तो अनुभव तोकडा असेल, किंवा त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला असेल. दोन, अर्थ बरोबर असेल, पण मला लागू नसेल. दुसऱ्याच्या मापाचा कोट मला कसा बसणार? तीन, तो बरोबरही असेल आणि मला लागूही असेल, तरी केवळ 'सगळे करतात' म्हणून मी तो घेतला, तर माझी निवडण्याची शक्ती वापरलीच जात नाही. न वापरलेला स्नायू जसा सुकतो, तसं तिचं होतं.

ही तिसरी शंका सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्या दोन आपल्याला पटकन पटतात. तिसरी सांगते की योग्य ठिकाणी पोहोचूनही माणसाचं काहीतरी हरवू शकतं.

हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आणि घरी काय केलं? १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत प्रत्येक आळीतलं एखादं पोर तिकडं निघालं. आमच्या मुलाला दगडांचं वेड. गडावर गेला की खिसे भरून दगड आणायचा. भूगर्भशास्त्र घेतो म्हणाला. आम्ही म्हणालो, 'शेजारची सगळी मुलं वेडी आहेत का?' तो इंजिनिअर झाला. नोकरी उत्तम, संसार उत्तम. एकदा सहज म्हणाला, 'बाबा, तुम्ही मिल शिकवायचात ना?' आवाजात राग नव्हता. आम्हाला उत्तर सुचलं नाही. भूगर्भशास्त्रात त्याचं भलं झालं असतं की नाही, कोण सांगणार? आमची चूक ही, की कारण म्हणून आम्ही शेजारच्या मुलांकडे बोट दाखवलं.

याच्या उलट उदाहरण आपल्या गोपाळ गणेश आगरकरांचं. मिल आणि स्पेन्सर त्यांनी पचवले होते. मोठ्या नोकरीची, पैशाची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार, असं त्यांनी आईला पत्रातून कळवलं. १८८१ पासून ते 'केसरी'चे संपादक होते. मतं जुळेनात तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीही गाठायच्या आत, ते गेले. तेव्हा आपली वाट सुखाची असते असं आम्ही म्हणणार नाही. मिल नोकरीत टिकून राहिले, आगरकर घडवलेलं पत्र सोडून गेले. दोघांनाही आपलं कारण ठाऊक होतं, एवढंच त्यांच्यात समान.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. मळलेल्या वाटेनं जायला हरकत नाही. फक्त निघण्याआधी आपलं कारण कागदावर लिहा. त्यातून 'सगळे', 'लोक', 'शेजारी' हे शब्द खोडा. मागे काही उरलं, तर ती वाट तुमची, खुशाल जा. काहीच उरलं नाही, तर थोडं थांबा. आणि घरातलं मूल काही वेगळं मागत असेल, तर हा कागद त्याच्यापुढे ठेवण्याआधी स्वतः भरून बघा. आम्ही तो भरला नव्हता.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.