भाकड म्हशीचा वंश

बँकेत असताना म्हशींच्या कर्जाच्या पाहणीसाठी मी जोगेश्वरीच्या तबेल्यांत जात असे. भरल्या कासेची एक म्हैस दाखवीत तबेलेवाला म्हणाला, ‘‘साहेब, भाकड झाली की ही जाणार.’’ कुठे, ते विचारावे लागत नसे. मुंबईत चारा विकतचा; भाकड जनावर पुन्हा वेतापर्यंत पोसणे परवडत नाही. कर्ज वेळेवर फिटले. चांगल्या दुधाचा एक वंश तिथेच संपला, त्याला मात्र माझ्या फाइलीत रकाना नव्हता.

उत्तम जनावराची हुबेहूब प्रत काढण्याची विद्या पुढे हरयाणात, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने साधली. २००९ सालची समरूपा काही दिवसच जगली. २०१० मध्ये ‘गरिमा-२’ जन्मली. केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात भ्रूणाची मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, मिसळून तो गर्भ घडवला होता. ती वाढली, आणि जानेवारी २०१३ मध्ये चारचौघींसारखी व्यालीसुद्धा. पारडीचे नाव महिमा.

या प्रयोगांसाठी अंडी कुठून आणत, हे वाचताना मात्र मी थबकलो. कत्तलखान्यात गेलेल्या म्हशींच्या अंडाशयांतून.

मला जोगेश्वरीची ती भरली कास आठवली.