छोट्या नाट्यगृहातील संगीत नाटक : प्रेक्षकाचा वाटा

मराठी संगीत रंगभूमीचा उदय एका प्रेक्षकाच्या अनुभवातून झाला, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये एका पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा गायनप्रधान खेळ पाहिला. असा खेळ मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांच्या मनात घर केले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. सरकारी कचेरीतील एक नोकर नाटक पाहून घरी परततो आणि त्यातून पुढील अनेक पिढ्यांना पुरणारी नाट्यपरंपरा उभी राहते, ही घटना प्रेक्षकाचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

संगीत नाटकाचा इतिहास लिहिताना नाटककार, गायक नट आणि संगीत दिग्दर्शक यांचा गौरव होतो व तो योग्यच आहे. परंतु समोर बसणाऱ्याला नेमके काय मिळते, आणि त्याच्याकडून रंगमंचाला काय मिळते, याचा विचार त्या मानाने कमी होतो. तालुक्याच्या गावातील दोन-तीनशे आसनांच्या सभागृहात संगीत नाटकाचा प्रयोग होतो, तेव्हा या देवाणघेवाणीचे स्वरूप विशेष स्पष्टपणे ध्यानात येते.

ओळखीच्या चालींचे नाते

किर्लोस्करांनी आपल्या नाटकांत साकी, दिंडी, ओवी, अंजनीगीत अशा कीर्तनातून आणि घरगुती पठणातून लोकांच्या कानी रुळलेल्या चालींचा मुक्त उपयोग केला. प्रेक्षकाला रागदारीचे शिक्षण नसले तरी चाल परिचित वाटत होती. पुढे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकाने वृद्ध वराशी कोवळ्या मुलीचा विवाह लावण्याच्या रूढीवर प्रहार केला. विषय कठोर होता. पण पदांमुळे तो नाट्यगृहाबाहेर पडून घराघरांत पोहोचला. भाषण विसरले जाते, पद ओठांवर राहते, हा अनुभव समाजशिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांपासून शास्त्रीय संगीताचे प्रमाण वाढले. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखले यांच्या होत्या. ज्यांना बड्या गवयांच्या मैफलीत प्रवेश मिळणे कठीण होते, अशा सामान्य माणसांना यमन, भीमपलास, भैरवी यांची ओळख नाटकाच्या तिकिटावर झाली. रागाचे नाव ठाऊक नसताना राग ओळखणारा श्रोता महाराष्ट्रात तयार झाला, त्याचे मोठे श्रेय संगीत रंगभूमीकडे जाते.

अंतर कमी, परिणाम अधिक

मोठ्या नाट्यगृहातील शेवटच्या रांगेतून नटाची हालचाल दिसते, परंतु चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसत नाहीत. छोट्या सभागृहात मात्र पदाला आरंभ करण्यापूर्वी गायक नटाने घेतलेला श्वाससुद्धा जाणवतो. तबलजीकडे टाकलेला कटाक्ष, ऑर्गनवादकाने दिलेला आधार, तान संपवून समेवर येताना चेहऱ्यावर उमटणारे समाधान, हे सारे प्रेक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात असते. समेवर नटाबरोबरच शंभर माना हलतात आणि त्या हललेल्या माना नटालाही दिसतात. पुढची तान किती लांबवावी, याचा निर्णय पुष्कळदा याच क्षणी होतो.

१९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे यांचे गायन, यांमुळे ते विशेष गाजले. दोन गायनपरंपरांतील संघर्ष हाच या नाटकाचा विषय आहे. साहजिकच दोन गायकींतील भेद कानांनी टिपल्याशिवाय नाटक पुरते उमगत नाही. येथे प्रेक्षकाला साक्षीदाराबरोबर परीक्षकाचीही भूमिका घ्यावी लागते. २०१५ मध्ये याच कथेवर चित्रपट निघाला आणि तो लोकांना आवडलाही. तथापि पडद्यावरील गायक प्रेक्षकाची दाद ऐकून आपले गाणे बदलू शकत नाही.

‘वन्स मोअर’ची प्रथा याच देवाणघेवाणीतून रुजली. एकेका पदाला पुन:पुन्हा मागणी होऊन नाटके पहाटेपर्यंत लांबत. या प्रथेने कथानकाचा ओघ तुटतो, अशी टीका झाली व ती निराधार नव्हती. परंतु ती मागणी म्हणजे प्रेक्षकाने वापरलेला हक्क होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे प्रमुख नट एका रंगमंचावर आले आणि तिकीट काढणारा रसिक राष्ट्रकार्याचा वाटेकरी झाला.

शेजारी जेव्हा नट होतो

गोमंतकातील अनेक गावांत देवस्थानाच्या जत्रेत वा उत्सवात मंडप उभारून संगीत नाटक करण्याची परंपरा आहे. भूमिका करणारे बहुधा गावचेच रहिवासी असतात. दिवसा दुकानात किंवा शाळेत भेटणारा गृहस्थ रात्री कृष्ण वा अर्जुन होऊन समोर येतो. त्याच्या तालमी गावाने ऐकलेल्या असतात, अवघड जागा कोठे आहे हेही ठाऊक असते. ती जागा त्याने निभावून नेली की मंडपातून उठणारी दाद व्यावसायिक नटाला मिळणाऱ्या दादेपेक्षा निराळी असते. तीत घरच्या माणसाचा अभिमान मिसळलेला असतो. कोकणातील उत्सवांतही हाच प्रत्यय येतो. महाराष्ट्र शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांसाठी ठेवलेल्या स्वतंत्र विभागामुळे अशा मंडळींना गावाबाहेरचा प्रेक्षकही लाभतो.

ध्वनीचे शास्त्र आणि प्रेक्षक

प्रेक्षकाचा हा वाटा केवळ भावनेपुरता नाही. तो ध्वनिशास्त्रानेही सिद्ध होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक उशिरा, म्हणजे सुमारे १७ मीटर जादा अंतर कापून, परत आलेला जोरकस आवाज कानाला वेगळा भासू लागतो आणि शब्द पुसट होतात. उघड्या सिमेंटच्या समोरासमोर भिंती, पत्र्याचे छप्पर आणि गुळगुळीत फरशी असलेल्या सभागृहात आवाज घुमत राहतो तो यामुळेच. व्याख्यान कसेबसे निभावते. पदातील शब्द आणि द्रुत ताना मात्र एकमेकींत मिसळून जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या शास्त्रज्ञाकडे घुमणाऱ्या एका व्याख्यानगृहाचा प्रश्न सोपविण्यात आला. त्यांनी एका नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तेथे आणून मांडल्या आणि गाद्यांच्या संख्येनुसार घुमणे किती कमी होते, याचे मोजमाप केले. माणसांमुळेही ध्वनी असाच शोषला जातो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. रिकाम्या सभागृहातील तालमीत आवाज घुमतो आणि प्रयोगाच्या वेळी तोच आवाज स्वच्छ ऐकू येतो, याचे कारण हेच होय. प्रेक्षक आपल्या केवळ उपस्थितीने गाण्याचा पोत बदलतो.

नाट्यगृह जळते तेव्हा

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले ‘पॅलेस थिएटर’ १९१५ मध्ये खुले झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, या वास्तूचा मोठा भाग आगीत जळाला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तेथे जमलेल्या कलावंतांना व सामान्य रसिकांना अश्रू आवरले नाहीत. अनेकांनी पहिले नाटक जेथे पाहिले, ती जागा त्यांच्या आयुष्याचा भाग झालेली होती. लाकूडकाम, पडदे आणि विजेच्या तारा एकत्र असलेल्या प्रत्येक छोट्या सभागृहाच्या चालकांनी या घटनेपासून बोध घ्यावयास हवा.

गावपातळीवर काय करता येईल

संगीत नाटकासाठी भव्य वास्तूच हवी असे नाही. २०१७ मध्ये आलेल्या प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ या नाटकात तुकाराम महाराजांच्या पत्नी आवली आणि रखुमाई ही दोनच पात्रे आहेत. तरीही त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. पात्रे थोडी असली तरी चालतात. पण ऐकण्याजोगी जागा मात्र असावी लागते.

ग्रामपंचायतीचे वा शाळेचे सभागृह याकरिता फारशा खर्चावाचून सिद्ध करता येते. मागील भिंतीवर जाड पडदे सोडले आणि जमिनीवर सतरंज्या अंथरल्या, तर घुमणे बरेच कमी होते. पदाच्या वेळी खडखडणारे पंखे बंद ठेवावेत आणि जनित्र शक्य तितके दूर असावे. ध्वनिक्षेपक लावावयाचाच असेल, तर गाणे रंगमंचावरून येत आहे असे वाटण्याइतकाच त्याचा आवाज ठेवावा. बाहेर पडण्याचे दरवाजे प्रयोगाच्या काळात कुलूपबंद नसावेत, विजेच्या तारांची तपासणी नियमितपणे व्हावी आणि अग्निशामक साधने हाताशी असावीत. प्रयोग वेळेवर सुरू होऊन शेवटच्या एस.टी.पूर्वी संपला, तर आसपासच्या वाड्यांवरील स्त्रिया आणि वृद्ध मंडळीही येऊ शकतात.

शिक्षकांचे कार्य याहून महत्त्वाचे आहे. नाटक पाहण्यास नेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना कथानक थोडक्यात सांगावे, नांदी म्हणजे काय, सूत्रधार कोण, सम कशी ओळखावी, हे एका तासात समजावून द्यावे. टाळी कोठे द्यावी याइतकेच शांत केव्हा बसावे हेही शिकवावे लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना आपला अनुभव सांगू द्यावा. ज्या मुलाला एखाद्या पदाची चाल गुणगुणावीशी वाटली, त्याच्या रूपाने उद्याचा श्रोता तयार झाला असे समजावे.

संगीत नाटक टिकविण्याची चर्चा बहुधा अनुदान, कलावंत आणि नव्या संहिता यांभोवती फिरते. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु नांदीचे सूर उमटताच स्तब्ध होणारी दोन-तीनशे माणसे गावात नसतील, तर त्यांचा उपयोग मर्यादित राहील. तशी माणसे घडविण्याचे काम गावातील छोट्या सभागृहातच होऊ शकते, आणि त्या सभागृहाच्या किल्ल्या पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या हाती असतात.