सूर्यचूल माळ्यावर का गेली?

आमच्या घरच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा, आत काळा रंग दिलेले चार डबे. सध्या तिच्यात लसणाच्या जुड्या असतात. १९८० नंतरच्या दशकात सरकारने सूर्यचुलीला अनुदान दिले, तेव्हा वडिलांनी ती मोठ्या हौसेने आणली होती. महिनाभर आईने तिच्यात वरण-भात शिजवला, शेंगा भाजल्या. मग पेटी वर गेली. वाचकहो, तुमच्यापैकी काहींच्या घरीही असेच घडले असेल.

कल्पना काही नवी नव्हती. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांची अष्टकोनी चूल केली होती. ऐन जानेवारीत सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजल्याचे त्याने लिहून ठेवले. त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच निघाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने परवलयाकार आरशाची सूर्यचूल काढली. तीही घरोघरी गेली नाही.

मग शहाणी माणसे म्हणू लागली, खेड्यातल्या बायका जुनेच धरून बसतात. हे बोलणे मला कधी पटले नाही. आधी त्या बाईचा दिवस पाहावा. पहाटे उठून तिला भाकरी थापायच्या असतात, कारण न्याहारी बांधून माणसे उन्हे तापायच्या आत रानात जातात. संध्याकाळी परतल्यावर दुसरा स्वयंपाक. या दोन्ही वेळी सूर्य कामाचा नाही. तो कामाचा असतो भर दुपारी, आणि तेव्हा ती खुरपणीला गेलेली! पेटी दर अर्ध्या-पाऊण तासाने उन्हाकडे वळवायची कोणी? अंगणात शेळ्या, कोंबड्या, पोरांचे चेंडू. काचेला जपायचे कोणी?

दुसरी गोष्ट भाकरीची. पेटीतली उष्णता शंभर अंशांच्या थोडी वर जाते. डाळ-तांदूळ शिजायला ती पुरते. पण भाकरीच्या तव्याला दोनशेच्या वर ताप लागतो. पेटीत भाकरी होत नाही, फोडणीही होत नाही. म्हणजे चूल पेटवावीच लागते. आणि एकदा पेटली, की वैलावर डाळ आपोआप शिजते. मग वेगळी पेटी कशाला? त्यातून पावसाळ्याचे चार महिने ती मुकीच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. सूर्यचूल वाचवणार होती सरपण. पण सरपण विकत आणणारी घरे थोडी. काटक्या-कुटक्या बायकांनी डोक्यावरून आणायच्या. त्या वणवणीला आणि डोळ्यांत जाणाऱ्या धुराला घरच्या हिशोबात किंमतच नव्हती. पेटी घ्यायची की नाही हे ठरवले वडिलांनी, वापरायची आईने. तिला आधी विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते, “हिच्यात भाकरी होते का?”

याउलट प्रेशर कुकर पाहा. १९५९च्या सुमारास तो आपल्या देशात बनू लागला. शिट्टीला बायका आधी भीत. पण तो होता त्याच चुलीवर, त्याच वेळेला चालला आणि डाळ लवकर शिजवू लागला. गॅसचेही तसेच. त्याची अडचण पैशाची आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, शेगड्या घरोघर आल्या. पण सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडेना म्हणून कितीतरी घरांत चूल राहिलीच. ते बाईच्या हट्टापायी नव्हे.

सूर्याचा स्वयंपाक जिथे जमला, तिथेही पाहण्यासारखे आहे. शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ साली ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होऊ लागला. तिथे दुपारच्या पंगतीसाठी माणसे दिवसभर स्वयंपाकघरातच असतात, आणि यंत्र पाहायला वेगळा माणूस.

गेल्या वैशाखात आमच्या सूनबाईंनी लसूण बाजूला काढून पेटी गच्चीवर ठेवली. आरशाला एक चीर गेली आहे, काच शाबूत आहे. शेंगा छान खरपूस निघाल्या, रवाही भाजला. तेव्हापासून उन्हाळ्यात पेटी वर आणि रोहिणी सरता सरता पुन्हा माळ्यावर, असे चालले आहे. भाकरी मात्र गॅसवर.