वेब्ली : एका मापाची गोष्ट

कवीने रिव्हॉल्व्हरवर बोलावे याचे तुम्हांला नवल वाटले असेल. पण या हत्याराशी माझी ओळख कवितेपेक्षा जुनी आहे. माझे मोठे मामू पोलिसांच्या शस्त्रागारात होते. मी शाळकरी असताना एका दुपारी त्यांनी मला आत नेले. टेबलावर फडके अंथरून ते एक रिकामे रिव्हॉल्व्हर पुसायला बसले. अंगठ्याने त्यांनी एक खटका दाबला आणि ते हत्यार चक्क मधोमध दुमडले. नळी खाली झुकली, गोळ्यांची सहा घरे वर आली. मी घाबरून ओरडलो, ''मामू, मोडलं!'' ते हसले. म्हणाले, ''मोडलं नाही बेटा, उघडलं. वेब्ली आहे हे.''

मामूंच्या हातातले वेब्ली अडतीस बोअरचे, म्हणजे धाकटे. त्याचा थोरला भाऊ मात्र जगप्रसिद्ध. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातील वेब्ली यांच्या कारखान्याचे रिव्हॉल्व्हर १८८७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. त्याचे माप ०.४५५ इंच, म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर. जवळजवळ करंगळीएवढे नळीचे तोंड! त्याची खरी करामत बिजागरीत होती. जुन्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या काडतुसांची टरफले सळईने एकेक करून ढकलावी लागत. वेब्ली उघडले की सहाही टरफले एकदम बाहेर पडत. घोड्यावरच्या अधिकाऱ्याला याचे मोल फार होते.

पुढे त्याचे 'मार्क एक'पासून 'मार्क सहा'पर्यंत अवतार झाले. चौथा १८९९ चा. तो दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या नावाने ओळखला गेला. सहावा १९१५ चा. त्याची नळी सहा इंचांची, वजन किलोहून अधिक. पहिल्या महायुद्धात तो सुमारे तीन लाखांच्या संख्येने बनला. खंदकातल्या हातघाईसाठी काही अधिकारी त्याच्या नळीला छोटी संगीनही लावून घेत. एक अजब भावंडही होते. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या फॉसबरी नावाच्या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ते निघाले. गोळीच्या धक्क्यानेच त्याची चक्री फिरे आणि घोडा पुन्हा चढे. पण चिखलमातीत ते अडकू लागले आणि सैन्याने त्याला अधिकृत मान्यता दिली नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढे मोठे माप कशासाठी? या रिव्हॉल्व्हरची गोळी सतराएक ग्रॅमची, पण तिची चाल संथ. लांबवर नेम धरण्याचे हे हत्यार नव्हेच. अंगावर धावून येणाऱ्या माणसाला चार पावलांवर थोपवण्याचे हे हत्यार. आणि तो धावून येणारा माणूस कोण, हे साम्राज्याने मनाशी ठरवून ठेवले होते. तो अफगाण होता, झुलू होता, सुदानी होता. युरोपातला सैनिक जखमी झाला की खाली बसतो, 'रानटी' माणूस मात्र जखम घेऊनही पुढे येतो, असा समज तेव्हा पक्का होता.

१८९८ साली याच रिव्हॉल्व्हरसाठी पोकळ तोंडाची गोळी निघाली. लागली की ती शरीरात पसरे. तिला इंग्रजीत नावच मिळाले 'मॅनस्टॉपर', माणूस थोपवणारी. बंदुकीसाठी तसलीच गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात आधीच तयार झाली होती. त्या गावाचे नाव त्यामुळे जगभर बदनाम झाले. आज तिथे कोलकात्याचा विमानतळ आहे.

१८९९ साली हेग येथे राष्ट्रांची परिषद भरली आणि शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी विरोध केला, तो याच 'रानटी' माणसाचा दाखला देऊन. ब्रिटनने जाहीरनाम्याला संमती दिली ती १९०७ मध्ये. आणि त्यातली मेख पाहा. तो लागू होता फक्त करार मान्य करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतल्या युद्धाला. गुलाम मुलखांच्या सह्या त्यावर कुठून असणार? म्हणजे दया कोणाला दाखवायची, हेही कलमात लिहिलेले होते.

पुढची गंमत अशी, की पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने स्वतःच ठरवले की एवढे माप लागतच नाही. अडतीस बोअर पुरे. धक्का कमी, वजन कमी, नव्या शिपायाला चटकन शिकवता येते. वेब्लीने नमुना दिला, पण सरकारने आपल्या एनफिल्डच्या कारखान्यात त्याच धाटणीचे रिव्हॉल्व्हर बनवून १९३२ मध्ये ते स्वीकारले. वेब्ली कंपनीने दाद मागितली. भरपाई मिळाली साडेबाराशे पौंड! थोरले वेब्ली १९४७ साली निवृत्त झाले. आपल्यासाठी ते साल वेगळ्याच कारणाने मोठे.

आपल्याकडे मात्र वंश चालू राहिला. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा झाला होता. युरोपियनांना त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर, १९५९ साली, सर्वांना एकच कायदा आला. सैन्याच्या मापाची हत्यारे नागरिकाला वर्ज्य, म्हणून कानपूरला वेब्लीच्याच धाटणीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बनू लागले. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर, २०१४ मध्ये, त्याचेच अर्ध्या किलोचे हलके रूप स्त्रियांसाठी म्हणून आले. नाव 'निर्भीक', किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रपाळी करून बसची वाट पाहणाऱ्या मुलीला हे निर्भयपण परवडणार होते का, हे तुम्हीच ठरवा.

मामू आता नाहीत. त्या दुपारी मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी रिव्हॉल्व्हर मिटवले नाही, उघडेच ठेवून माझ्या हाती दिले. म्हणाले, ''हत्यार दुसऱ्याला देताना असंच द्यावं. आत काय आहे, ते त्याला दिसलं पाहिजे.'' मीही आज तेवढेच केले.