बंबाचें तांबें आणि गीझरची कांडी

जुना वाडा उतरवून नवें घर बांधावयास काढलें, म्हणजे माळ्यावरील तांब्यापितळेच्या भांड्यांचा प्रश्न कुटुंबांत हटकून निघतो. १९४८ सालीं जत संस्थान विलीन झालें, तरी संस्थानी काळांतील हंडे, घागरी, पराती व बंब तेथील जुन्या घरांतून अद्याप आढळतात. वडील मंडळी म्हणतात, 'राहूं द्या'. तरुण मंडळी म्हणतात, 'हलक्या धातूंच्या या युगांत हें ओझें कशाला?' मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे कॅमेरे व लॅपटॉप हाताळणाऱ्या पिढीनें असें विचारावें, हें स्वाभाविकच आहे. म्हणून भांडीं मोडीच्या भावानें देण्यापूर्वीं दोन्ही धातूंचे गुणदोष वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वजन पाहूं. एक घन सेंटिमीटर तांबें ८.९६ ग्रॅम भरतें. तांबें व जस्त मिळून होणारें पितळ सुमारें ८.५ ग्रॅम. मॅग्नेशियम मात्र अवघें १.७४ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमहूनहि हलकें. जी पितळी घागर साडेआठ किलो भरते, तीच त्याच जाडीची मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केल्यास दोन किलोंच्या आंत येईल. वजनाच्या मानानें तिची बळकटीहि पितळेस मागें टाकील; मात्र ताठपणांत पितळ सुमारें दुप्पट सरस असल्यामुळें पत्रा थोडा जाड घ्यावा लागेल. जतसारख्या दुष्काळी मुलुखांत ज्या स्त्रियांनीं दूरवरून पाणी वाहिलें, त्यांस हा हिशेब सांगावयास नको. मग अशी घागर बाजारांत कां नाहीं?

याचें उत्तर स्वयंपाकघरांतच आहे. पितळेंत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें घरांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. आंबट पदार्थांत हवेच्या साहाय्यानें तांब्याचा अंश उतरतो व तो पोटास बाधतो. म्हणूनच कथिलाची कल्हई. परंतु येथें अन्न बिघडलें तरी भांडें शाबूत राहतें. मॅग्नेशियमच्या पातेल्यांत चिंचेचें सार केलें, तर पातेलेंच विरघळूं लागेल व त्यांतून हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतील. शिवाय या धातूचा बारीक कीस चटकन पेट घेतो, आणि एकदां पेटला कीं त्यावर पाणी ओतणें घातक. कारण तो पाण्यांतीलच ऑक्सिजन घेऊन अधिक भडकतो. १९५५ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतींत अशा मिश्रधातूच्या मोटारीस आग लागली, तेव्हां पाण्याचा हाच अनुभव आला.

तरीहि मॅग्नेशियम आपल्या न्हाणीघरांत येऊन पोंचलें आहे. पुष्कळशा गीझरच्या टाकींत त्याची एक कांडी बसविलेली असते. दोन धातु एकमेकांस जोडून एकाच पाण्यांत ठेवले, तर अधिक क्रियाशील धातु स्वतः झिजतो व दुसऱ्यास वांचवितो. त्या न्यायानें कांडी झिजते व पोलादी टाकी गंजावांचून राहते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यांत ती लवकर संपते. यास्तव वर्षांतून एकदां ती तपासून घ्यावी. तांब्याच्या बंबास असा रक्षक लागत नाहीं. तांबें मुळांतच मंद स्वभावाचें आहे.

उष्णता वाहून नेण्यांतहि शुद्ध तांबें शुद्ध मॅग्नेशियमच्या सुमारें अडीचपट आहे. बंबांतील पाणी लवकर तापतें तें यामुळें. आणि जतच्या माळावरील पवनचक्क्यांच्या जनित्रांतील वेटोळींहि विजेच्या अशाच सुलभ वहनासाठीं तांब्याचीं असतात. मात्र शुद्ध धातूचा गुण मिश्रधातूंत तसाच राहील, असें समजूं नये. जस्त मिसळून पितळ केलें कीं तांब्याची ही शक्ति एकतृतीयांशापर्यंत उतरते. ॲल्युमिनियम मिसळलेल्या मॅग्नेशियमचीहि निम्म्याखालीं येते.

टिकाऊपणाचा दाखला कोल्हापुरास पहावा. ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेली पोसायडन या ग्रीक देवतेची कांस्यमूर्ति सुमारें दोन सहस्र वर्षांची असून आजहि तेथील टाउन हॉल संग्रहालयांत उभी आहे. मॅग्नेशियमची मूर्ति इतका काळ मातींत तगली नसती. परंतु त्याचा हा दोषच वैद्यांनीं गुण म्हणून वापरला आहे. मोडलेलें हाड सांधण्यासाठीं त्याच्या मिश्रधातूचे स्क्रू करतात. हाड जुळून आल्यावर ते शरीरांत हळूहळू विरून जातात व काढण्यासाठीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाहीं.

तात्पर्य, जें हातांत घेऊन हिंडावयाचें तें हलकें असावें आणि जें पुढील पिढीच्या हातीं द्यावयाचें तें तांब्यापितळेचें असावें. कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट पदार्थ कदापि ठेवूं नये. परंतु केवळ कल्हई उडाली म्हणून तें मोडींतहि घालूं नये. कल्हई पुन्हां लावतां येते. मोडींत गेलेला हंडा परत येत नाहीं.