मधमाशी फूल कसे निवडते?

पुण्याच्या सदाशिव पेठेतील जुन्या वाड्याच्या भिंतीत पोकळी शोधून वसाहत करणाऱ्या सातेरी मधमाशीच्या टप्प्यात मुठेचा काठ आणि सारसबाग येतात. फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीपर्यंतची मजल मात्र बहुधा आग्या माशीची, कारण दक्षिण भारतातील निरीक्षणांवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातेरी सुमारे १, फुलोरी अडीच, तर आग्या ३ किलोमीटरपर्यंत चरताना आढळली. मकरंद देणाऱ्या फुलाचा गंध, रंग आणि उमलण्याची वेळ यांची सांगड माशी काही फेऱ्यांतच घालते व मकरंद मिळत राहील तोवर त्याच जातीच्या फुलांवर जाते. या वृत्तीला पुष्पनिष्ठा म्हणतात. ती परतल्यावर पोळ्यात मकरंद उतरवून घेणाऱ्या माश्या लगेच पुढे आल्या, तर इतरांना फुलांचा पत्ता सांगण्यासाठी ती नाचण्याची शक्यता वाढते आणि त्यांना विलंब झाला, तर ती घटते. कार्ल फॉन फ्रिश (नोबेल, १९७३) यांनी उलगडलेल्या या नृत्यात सरळ धावेचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भातील दिशा सांगतो, तर धावेचा कालावधी अंतर. तरीही नृत्य म्हणजे आज्ञा नव्हे, आणि या साऱ्यातील सर्वांत विलक्षण बाब हीच: नाचणारीच्या अंगाला ओळखीचा गंध आला, की अनुभवी माशी पुष्कळदा नृत्याने दाखवलेले ठिकाण बाजूला ठेवून स्वतःच्या आठवणीतल्या फुलांकडेच झेपावते. नृत्यातील पत्ता अधिक उपयोगी पडतो तो नवख्या किंवा नेहमीचा बहर ओसरलेल्या माश्यांना.