खालांची कजा

आमच्या खालांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. रक्ताचा हा कर्करोग दुर्मीळ. वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि रुग्णांचे आयुष्य बरेच लांबले. पण ती रोज, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याने घ्यायची. वर मळमळ, पोटऱ्यांत पेटके. डॉक्टरांनी रोजे नको म्हणून सांगितले.

आजाऱ्याला सूट कुराणातच आहे. बरे होण्याची आशा नसेल, तर रोजामागे एका गरिबाला जेवण, तो फिदिया. आशा असेल, तर सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे, ती कजा. घरच्यांनी फिदियाचा हिशेब मांडला तेव्हा खाला चिडल्याच! ‘मला आत्ताच निकालात काढता काय?’ गरिबांना जेवण त्या घालतातच, पण फिदिया म्हणून नाही.

हा नुसता हट्ट नव्हे. कित्येक वर्षे तपासणीत आजाराचा मागमूस न दिसलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवूनही पाहतात. खाला दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, सहरीला सगळ्यांआधी उठून भाकऱ्या थापतात. वहीत चार रमजानांचे ११८ रोजे मांडून ठेवलेत. यंदाचे वेगळ्या पानावर.